आधी म्हातारी, मग पोरटी

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका डॉक्टरला झापत होती.

कॅन्सर संशोधन केंद्राच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन दारांच्या आत एक खोली आहे. तिथे पेशी वाढवतात. डॉक्टर बाहेरच्या चपलांसकट आत शिरला होता, आणि निळी टोपी, निळा झगा घातलेली जेमतेम पाच फुटांची ही बाई त्याला सांगत होती, "साहेब, डिग्री आत आणली तर चालेल. चपला बाहेर."

मी तिथे गेले होते युनियनतर्फे, कंत्राटी कामगारांची यादी करायला. कागदावर तिचं पद होतं सफाई कामगार. नोकरी एकवीस वर्षं, दर अकरा महिन्यांनी नवा कागद.

"काम काय करता?" मी विचारलं.

"पेशी सांभाळते."

"म्हणजे खोली पुसता?"

"तू डोकं पुसून आलीस का गं, पुढारीण?" ती म्हणाली. "पेशी सांभाळते म्हटलं ना."

त्या दिवसापासून मी तिची पुढारीण, आणि ती माझी बाई. बाकी सगळे तिला मोजणीबाई म्हणत. काचेच्या बारीक चौकटीवर पेशींचा थेंब ठेवायचा, सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि डाव्या हातातल्या खटक्यावर खट खट मोजत जायचं. हे ती ज्या वेगाने करायची, तो बघायला नवीन आलेली पोरं हातातलं काम सोडून यायची. शिकवलं कुणी? कुणीच नाही. पहिली दोन वर्षं बाटल्या धुताना काचेतून बघितलं. तिसऱ्या वर्षी टेक्निशियन आजारी पडला तेव्हा म्हणाली, मी करते. तो परत आला नाही, आणि तिचं पद कुणी बदललं नाही. असं असतं बघा. कामात बढती फुकट मिळते, कागदावर मिळत नाही.

तिचं काम समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही, म्हणून सांगते. मी दहावी नापास आहे, पण हे मी चार वर्षं वाचनालयात बसून स्वतः शिकले आहे, आणि कुणी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पोरवयात मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. जुनं पुस्तक पुन्हा बांधायला आलं की शिवण नवी घालायची, आणि शेवटी सुरीखाली धरून कडा सारख्या करायच्या. प्रत्येक वेळी केसभर कागद जातो. जातो तो समास, अक्षरं नाहीत, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण तेच पुस्तक दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा बांधलं तर? समास संपतो. पुढची सुरी अक्षरांवर. आमचा मिस्त्री असं पुस्तक हातात घेऊन बघायचा आणि परत द्यायचा. "आता नाही. आहे तसं वाचा."

आपल्या पेशीतही तसंच आहे. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना असाच कोरा समास असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी एकाची दोन झाली की समास थोडा तुटतो. चाळीस-पन्नास-साठ वेळा झालं की समास संपत येतो आणि पेशीतला मिस्त्री म्हणतो, आता नाही. पेशी विभागायची थांबते. हे बरंच आहे. बिघडलेली पेशी बेलगाम वाढू नये म्हणून शरीराने ठेवलेला तो एक पहारा आहे.

पण समासाला नवा कागद चिकटवून देणारा एक कारागीरही शरीरात आहे. त्याचं नाव टेलोमरेज. गर्भाला तो लागतो, ज्यांतून बीज तयार होतं त्या पेशींना लागतो, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींना थोडा लागतो. बाकी पेशींत त्याला कुलूप लावून ठेवलेलं असतं. तो बनवण्याची कृती प्रत्येक पेशीत लिहिलेली असते, फक्त ती वाचायची बंद केलेली असते. कॅन्सरची पेशी ते कुलूप उघडते. कधी कधी तर कुलपाच्या जागचं एकच अक्षर बदललेलं असतं, हजारो अक्षरांतलं एक, आणि तेवढ्यावर कारागीर मोकळा सुटतो. मग सुरी कितीही फिरो, समास पुन्हा तयार. दहातल्या जवळपास नऊ कॅन्सरना हाच कारागीर जगवतो. उरलेला एखादा समास वाढवायची दुसरी आडवाट शोधतो.

तर मोजणीबाईचं काम असं. तळहाताएवढ्या चपट्या बाटलीत पेशी तळाला चिकटून वाढतात. वर लाल पाणी असतं, त्याला तिथे मीडिया म्हणतात, ते त्यांचं जेवण; पेशी जेवतील तसं ते पिवळं पडत जातं. बाटली भरली की पेशी सुट्या करायच्या, मोजायच्या आणि त्यांतल्या थोड्या नव्या बाटलीत घालायच्या. याला पासिंग म्हणतात. दर तीन दिवसांनी. पेशीला रविवार नसतो, म्हणून मोजणीबाईलाही नाही.

त्या वर्षी एका तरुण संशोधक बाईंचा प्रयोग चालू होता. जाड भिंगांमुळे सगळे त्यांना चष्मेवाल्या मॅडम म्हणत. मूत्राशयाच्या गाठीतल्या पेशी होत्या, त्या एका बदललेल्या अक्षराच्या. मॅडमनी असं एक औषध तयार केलं होतं, जे ते उघडं कुलूप पुन्हा बंद करेल. पण यात गोम अशी की कुलूप लावलं म्हणून पेशी त्याच दिवशी थांबत नाही. शिल्लक समास संपेपर्यंत ती वाढतच राहते. म्हणजे औषध खरं की खोटं हे कळायला अडीच महिने पासिंग करत बसायचं. बड्या संस्थेत सगळं असतं. यंत्रं असतात, थंड पाण्याचं मशीन असतं, सोफे असतात. अडीच महिने धीर धरणारं माणूस नसतं. ते मोजणीबाई होती.

बाटल्या दोन प्रकारच्या. निळी चिकटपट्टी लावलेलीत औषध. तिला बाईने नाव दिलं म्हातारी, कारण तिला म्हातारी करायचं होतं. बिनपट्टीची बिनऔषधाची, ती पोरटी. आणि बाईचा नियम होता: आधी म्हातारी, मग पोरटी. दोघींचं मीडिया वेगळ्या बाटल्यांत. कारण पोरटीतली एक पेशी, एकच, म्हातारीत पडली तर संपलं. ती नव्या समासाची, भरभर वाढणारी. थकलेल्यांच्या घरात शिरून दोन आठवड्यांत सगळं घर तिचं. उलटं झालं तर काही बिघडत नाही, पोरटीच्या गर्दीत म्हातारीची एखादी पेशी कुणी हुंगतही नाही.

सतराव्या पासिंगपर्यंत दोघी बरोबरीने पळत होत्या. मॅडमचा चेहरा उतरला होता. अठराव्याला बाईने दोनदा मोजून पाहिलं. म्हातारी मागे पडली होती. विसाव्याला आणखी मागे. दर पाचव्या पासिंगला थोड्या पेशी नळ्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या असतात, तशा तिने त्या गोठवल्या. बाविसाव्याला तर म्हातारीचं मीडिया तीन दिवसांनीही लालच. जेवतच नव्हती. मॅडम खोलीबाहेर येऊन भिंतीला टेकून हसत होत्या, आणि मला, एका परक्या बाईला, म्हणाल्या, "थकतायत हो! खरंच थकतायत!"

आणि सत्ताविसाव्या पासिंगला म्हातारी उठून पळायला लागली. मीडिया दोन दिवसांत पिवळं. पोरटीसारखंच.

केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, त्यांनी आकडे बघून मान हलवली. पेशींनी आडवाट शोधली असणार, ते म्हणाले. टेलोमरेज बंद केलं तर त्या दुसरा मार्ग काढतात, हे नवीन नाही. महिनाअखेरच्या बैठकीत हे औषध यादीतून काढू.

त्याच संध्याकाळी बाई मला सायकल स्टँडपाशी भेटली. डबा हातात, पण निघायचं नाव नाही.

"पुढारीण, आडवाट बिडवाट काही नाही," ती म्हणाली. "मी पोरटी आधी केली."

"म्हणजे?"

"बाविसावं पासिंग. बुधवार. तू बारा वाजता गेटवर सगळ्यांना बोलावलं होतंस. म्हणालीस, जुन्यांनी पुढे उभं राहायचं, अधिकारी बघायला येणार आहेत. साडेअकरा झाले होते. पोरटी उतू चालली होती, म्हणून ती आधी घेतली. मग म्हातारीचं मीडिया संपलं. नवी बाटली कोमट व्हायला वीस मिनिटं. मी पोरटीच्या मीडियातलं घातलं. त्यातून तिची एखादी पेशी आली." ती डब्याच्या कडीशी चाळा करत होती. "वहीत फक्त आकडा लिहिला."

त्या बुधवारची सभा मला चांगली आठवत होती. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा व्यवस्थापनाने कायम करायची यादी मान्य केली ती त्या सभेमुळे. आणि यादीत पहिलं नाव हिचं होतं. टेक्निशियन म्हणून कायम. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, कायम झाली तरच म्हातारपणी पेन्शन आणि घरच्यांना दवाखाना. मुलाखत पंधरा दिवसांवर.

"कुणाला बोललात?"

"तुलाच."

"मग इथेच गाडा. पंधरा दिवस तोंड उघडू नका."

"अगं, औषधाचं नाव खराब होतंय. ते लागू पडत होतं. मी मोजलंय."

"औषधाला पोट नाही, बाई. तुम्हाला आहे. त्या यादीसाठी आम्ही चाळीस माणसांनी उन्हात पाय भाजून घेतलेत. तुमच्या नावावर डाग पडला की ते म्हणतील, बघा, सफाईवालीला टेक्निशियन केलं की असं होतं. सगळ्यांची यादी बोंबलेल."

हे मीच म्हटलं, आणि आवाज चढवून म्हटलं. माझं गणित बरोबर होतं असं मला आजही वाटतं. फक्त त्या गणितात मी एक रक्कम धरलीच नव्हती: या औषधाची वाट बघणारी माणसं. ती त्याच आवारात, पुढच्या इमारतीत, बाकांवर बसलेली असतात. मी रोज त्यांच्यासमोरून जाते.

घरी काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. घर म्हणजे दोन खोल्या. नवरा वेल्डर होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. बाहेरच्या खोलीत खाटेवर सासू, वय त्र्याऐंशी, उशाशी रेडिओ, कान शाबूत आणि जीभ त्याहून.

"काय गं," सासूने पहिल्याच घासाला विचारलं, "भाजीत मीठ दोनदा पडलंय. कुणाचं काय लपवतेयस?"

"काही नाही, आई. जेवा."

"जेवते. खारट जेवते. पण बोल."

बाईने सांगितलं. पेशी, समास, बुधवार, मुलाखत, सगळं. म्हातारी ऐकत होती, रेडिओ बंद करून. तो ती बातम्यांनाही बंद करत नसे.

"माणूस मारलंस?"

"नाही हो."

"चोरी?"

"नाही."

"मग सांगून मोकळी हो की. एवढं काय! नोकरी गेली तर मी जरा कमी खाईन. तशीही मी जेवते ते काय, चिमणीएवढं."

"चिमणीला दोनदा वाढून मागताना नाही पाहिलं मी," बाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. सासूचं हसणं खोकल्यात गेलं. बाईने तिची पाठ चोळली. मग म्हातारी म्हणाली, "सांगितलं नाहीस तर रोज मीठ दोनदा पडेल. ते मला नाही परवडायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने चष्मेवाल्या मॅडमना पेशींच्या खोलीबाहेर गाठलं आणि सांगितलं. मॅडमनी हातमोजे काढून कोपऱ्यातल्या डब्यात आपटले. "तीन महिने, बाई! तीन महिने!" एवढंच बोलून त्या जिना उतरून गेल्या. बाई तिथेच उभी. तासाभराने मॅडम परत आल्या. डोळे लाल, पण चाल वेगळी.

"बाई, म्हणजे... आता जी पळतेय ती म्हातारी नाहीच?"

"नाही. ती पोरटी आहे, म्हातारीच्या घरात राहायला आलेली."

"आणि खरी म्हातारी थकतच होती?"

"थकत होती. विसाव्या पासिंगच्या तीन नळ्या टाकीत आहेत. काढू?"

मॅडमनी तिला मिठीच मारली. निर्जंतुक झगा घातलेल्या माणसाला शिवायचं नसतं. बाईने ते लगेच सुनावलं आणि झगा बदलला.

मोठे सर असे विरघळणारे नव्हते. केबिनमध्ये दोघींना उभं ठेवून त्यांनी विचारलं, "हे तुम्ही मॅडमचा प्रयोग वाचवायला बोलत नाही कशावरून?"

"साहेब, खोटंच बोलायचं असतं तर स्वतःच्या फायद्याचं बोलले असते," बाई म्हणाली. "एवढी मी साधी नाही."

सरांनी तिला लेखी मेमो दिला, मुलाखतीच्या यादीतलं तिचं नाव थांबवलं, आणि औषधालाही बैठकीतून दोन महिन्यांची मुदत दिली. तिन्ही गोष्टी एकाच कागदावर. मी तो कागद वाचला आणि गेट बंद करायला निघाले होते. बाईने माझी बॅग धरली.

"नाव थांबवलंय, काढलं नाही. बस खाली."

"हा अन्याय आहे!"

"चूक केली तिचा मेमो आहे. अन्याय झाला की मी स्वतः सांगेन तुला. पाणी पी."

आयुष्यात मला 'बस खाली' म्हणून बसवणारी ती एकटीच.

गोठवलेल्या तीन नळ्या बाहेर काढल्या. तीन बाटल्या, तिघींना निळी पट्टी. या वेळी पोरटीला त्या खोलीत जागाच नव्हती, तिची रवानगी खालच्या मजल्यावर दुसऱ्या टेक्निशियनकडे. शिवाय सरांच्या हुकमावरून बाई मोजत असताना शेजारी कुणीतरी सही करायला उभं. इतक्या वर्षांत कुणी तिच्या आकड्यावर शंका घेतली नव्हती. मला वाटलं तिला लागेल. तर ती सही करणाऱ्यालाच मोजायला शिकवायला लागली. "उभाच आहेस तर उपयोगी पड. चौकटीच्या वरच्या रेघेवरच्या धरायच्या, खालच्या रेघेवरच्या सोडायच्या. नाहीतर एकच पेशी दोनदा मोजशील, मतदार यादीसारखी."

एकविसावं पासिंग, आठ लाख. बाविसावं, पाच. तेविसाव्याला अडीच. ती दर पासिंगच्या संध्याकाळी मला फोनवर फक्त आकडा सांगायची, हॅलोसुद्धा नाही. चोविसाव्याला जेवढ्या पेशी घातल्या तेवढ्याच निघाल्या. पंचविसाव्याला घातल्या त्याहून कमी.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे एकाच्या दोन होत नाहीयेत. उद्या ये. आणि चपला..."

"बाहेर. माहितेय."

गेले. तिने मला टोपी घातली, झगा घातला आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. आधी काही दिसेना, माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसलं. कॅन्सरच्या पेशी पूर्वी तिने मला दाखवल्या होत्या. दाटीवाटीने एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, तिकीट खिडकीपाशी असतात तशा. या तशा नव्हत्या. मोठ्या झालेल्या, चपट्या, एकमेकींपासून लांब पसरलेल्या. काही तर तळ सोडून नुसत्या तरंगत होत्या.

"तिन्ही बाटल्यांत?"

"तिन्ही."

मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "नाचू नको. अजून चार आठवडे थांबायचं. एखादी उठते का बघायचं. आणि ही बाटलीतली गोष्ट आहे. माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, रक्ताच्या मूळ पेशींना हे औषध काय करतं ते बघायचंय, उंदीर आहेत, किती वर्षं लागतील कोण जाणे." पण हे सगळं सांगताना तिच्या डाव्या हाताचा अंगठा खटका नसताना खट खट चालू होता.

चार आठवड्यांत एकही उठली नाही. औषध यादीत राहिलं. पुढच्या आठवड्यात मोजणीबाईला मुलाखतीचं बोलावणं आलं.

लांब टेबल, पलीकडे पाच जण, त्यांत मोठे सर. मी कामगारांची प्रतिनिधी म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीवर, तोंड न उघडण्याच्या अटीवर. त्या वीस मिनिटांत माझ्या ओठांची काय हालत झाली ते विचारू नका.

कडेच्या गृहस्थांनी फाईल उघडली. "तुमच्यावर मेमो आहे."

"आहे. वाचून दाखवू? पाठ आहे."

"हसण्यावारी नेऊ नका, बाई. अशी चूक पुन्हा होणार नाही याची हमी काय?"

"होणार नाही अशी हमी नाही देत," ती म्हणाली. "माणूस आहे, घाईत हात घसरतो. झाली तर तुम्हाला कळेल, एवढी हमी देते."

गृहस्थांनी फाईल पुढे सरकवली. त्यांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. सरांनी पेनाचं टोपण लावलं.

"चूक आमच्यापैकी कुणालाही सापडली नसती," ते म्हणाले. "मी स्वतः आडवाट म्हणून सही केली होती. तेवढं टिपणात लिहा."

पत्र आठ दिवसांनी आलं. पद टेक्निशियन, नोकरी कायम, पण मेमोमुळे पहिले सहा महिने देखरेखीखाली. शेवटची ओळ वाचली आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. "सहा महिने देखरेख! एकवीस वर्षं काय केली मग? हे मी सोडणार नाही, बाई. उद्याच अर्ज टाकते."

ती दोन दारांच्या मधल्या जागेत टोपी बांधत होती. पत्र तिने घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलं.

"सहा महिने म्हणजे दर तीन दिवसांनी एक, साठ पासिंग," ती म्हणाली. "ते मी मोजून काढीन. तू अर्ज यादीतल्या दुसऱ्या नंबरवालीचा टाक. ती लिफ्टपाशी बसलीय सकाळपासून, तुझी वाट बघत."